पत्राला साल घालताना

प्रश्न असा आहे. एम. ए.च्या प्रबंधिकेला नुकताच हात घातलेल्या एका विद्यार्थ्याला त्याचे मार्गदर्शक बजावतात, "तुझं मत नको, कागद काय म्हणतात तेवढं लिही." वर्गातले मित्र नेमकं उलट सांगतात: इतिहास म्हणजे शेवटी ज्याचं त्याचं मतच. मग इतिहास लिहिताना लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या अन्वयार्थाला जागा आहे का, आणि असली तर किती?

यातला "किती" मला खटकतो. जणू घर आधी बांधून होतं आणि रंग किती द्यायचा एवढंच ठरवायचं उरतं. गेली तीस वर्षं मी मोडी कागद वाचते, त्यांची लिप्यंतरं करते, टिपा घालून ते छापण्याजोगे करते. या कामात पाया खणतानाच अन्वयार्थ सुरू होतो, आणि तो आपण करतोय हे बहुतेक वेळा आपल्याला कळतही नाही. म्हणून आधी सगळ्यात रुक्ष गोष्ट घेते. तारीख.

अठराव्या शतकातल्या मराठी पत्रांवर बहुधा चांद्र तारीख असते, "छ. ९ रबिलावल" अशी. छ म्हणजे चंद्र, रबिलावल हा हिजरी सनातला महिना. महिना कळला, दिवस कळला, साल मात्र पुष्कळदा नसतंच. ज्याला पत्र जायचं त्याला चालू साल ठाऊक होतं. लिहिणारा काही आपल्यासाठी लिहीत नव्हता. तेच पत्र छापील खंडात आलं की त्यावर इसवी सन दिसतो, कधी कंसात, कधी कंसाशिवाय. तो संपादकाने घातलेला असतो. मजकुरातली माणसं कधी हयात होती, छावणी कुठे पडली होती, वार दिलाय का, हे तो पाहतो. ऋतूचीही मदत होते. हिजरी महिना दर वर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. त्यामुळे रबिलावलच्या पत्रात नदीला पूर आहे, उतार मिळत नाही असं आलं, तर ३३ सालांतली जेमतेम दहा-अकरा उरतात. पुढची छाटणी इतर कागदांवरून.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांत असंच एक पत्र हाती आलं. एका सरदाराने दुसऱ्याकडे लावलेल्या पैशाच्या तगाद्याचं. त्या दोघांचं बिनसलं होतं हे इतर कागदांवरून माहीत होतं. छाटत छाटत १७६९ की १७७० एवढाच प्रश्न उरला. मजकुरात पाऊस होता, पण लागोपाठच्या सालांत फरक अकरा दिवसांचा. ९ रबिलावल दोन्ही साली जुलैतच येते, तेव्हा पावसाने निवाडा होईना. मी १७६९ घातलं, कारण तिथे बसवलं की गोष्ट कशी सुबक जुळत होती: आधी तगादा, मग भांडण. प्रास्ताविकात तगादा हे भांडणाचं कारण म्हणून लिहूनही टाकलं. तीन वर्षांनी भलत्याच रुमालात, म्हणजे कागदांच्या बासनात, त्या पत्राचं उत्तर सापडलं. त्यावर सुहूर सन, म्हणजे मराठी दफ्तरांत चालणारं अरबी आकड्यांचं साल, पुरा लिहिलेला: इहिदे सबैन मया व अलफ. एक, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७१. इसवी सनाचं १७७०-७१. भांडण त्याच्या आधीच होऊन गेलं होतं. बिनसलं म्हणून तगादा लागला होता.

मी मत म्हणून एक शब्द लिहिला नव्हता. चार आकडे लिहिले होते.

तारखेचं हे, तर मजकुराचं काय विचारता. मोडीत लेखणी न उचलता शिरोरेघेखाली ओळच्या ओळ जाते, शब्द सुटे नसतात. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. सुत म्हणजे मुलगा की सूत म्हणजे धागा, हे अक्षर सांगत नाही, आजूबाजूचा मजकूर सांगतो. "तोडावा" ही अक्षरं सलग आली तर काहीतरी तोडायचा हुकूम आहे की "तो डावा" असं कुणाचं वर्णन, हे वाचणाऱ्याला ठरवावं लागतं, आणि ठरवताना पत्रात एकंदर काय चाललंय याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो. अंदाजावरून शब्द आणि शब्दावरून अंदाज, अशी ही ये-जा आहे. नवशिक्यांना यात लबाडी वाटते. पण दुसरी वाटच नाही. दोन्ही टोकं एकमेकांना पुन्हा पुन्हा तपासत राहिली की वाचन स्थिर होतं.

"कागद काय म्हणतात तेवढं लिही" या सल्ल्यामागे बहुधा जर्मन इतिहासकार रांके उभे असतात. जे जसं घडलं तसं दाखवायचं, हे त्यांचं १८२४ मधल्या प्रस्तावनेतलं वाक्य इतक्यांदा सांगितलं गेलंय की इतिहासकाराने अदृश्य व्हावं अशी ती आज्ञाच वाटते. मूळ जागी त्याचा सूर नम्र आहे. भूतकाळाचा न्यायनिवाडा करावा, वर्तमानाला धडे द्यावेत, अशी मोठी कामं इतिहासाकडे सोपवली जातात; माझ्या पुस्तकाचा तेवढा आवाका नाही, असं ते सांगताहेत. न्यायाधीश होऊ नका हे त्यात आहे, अर्थ लावू नका हे नाही. पुढे १९६१ मध्ये इंग्रज इतिहासकार ई. एच. कार यांनी रुबिकॉन नदीचं उदाहरण दिलं. ती नदी लाखो माणसांनी ओलांडली, इ. स. पूर्व ४९ मध्ये सीझरने ओलांडली ती तेवढी ऐतिहासिक घटना ठरली, कारण इतिहासकारांनी ती निवडली. हे उदाहरण आता घासून गुळगुळीत झालंय, म्हणून त्यावर रेंगाळत नाही.

निवडीहून मला नाव देण्याची पायरी जास्त निसरडी वाटते. १८५७. नुसता आकडा लिहिला तोवर ठीक. पुढे "बंड" लिहिलंत की राज्य कायदेशीर होतं हे तुम्ही गृहीत धरलंत. "स्वातंत्र्यसमर" लिहिलंत की लढणाऱ्यांच्या मनात एक सामायिक राष्ट्र होतं हे धरलंत. "उठाव" त्यातल्या त्यात निरुपद्रवी, म्हणून परीक्षेत चालतो. १९५७ साली शताब्दीच्या निमित्ताने रमेशचंद्र मजुमदार आणि सुरेंद्रनाथ सेन या दोन मातब्बर इतिहासकारांची पुस्तकं आली. समोरची साधनं बरीचशी तीच. मजुमदारांना ते राष्ट्रीय स्वातंत्र्ययुद्ध म्हणणं मान्य नव्हतं. धर्मरक्षणासाठी सुरू झालेला लढा शेवटी स्वातंत्र्याचं युद्ध झाला, असं सेनांना दिसलं. दोघांपैकी कुणी कागद लपवला म्हणून हा फरक पडलेला नाही. घटनेचं नाव तिच्या आरंभावरून ठेवायचं की शेवटावरून, आणि किती प्रदेश पेटला म्हणजे "राष्ट्रीय" म्हणायचं, ही मापं प्रत्येकाला स्वतः ठरवावी लागली.

त्याच सत्तावन्नच्या धामधुमीत सापडलेल्या विष्णुभट गोडसे यांच्या "माझा प्रवास"ची कथा तर प्रत्येक संशोधकाने उशाशी ठेवावी. भटजी दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेत गेले, झाशीच्या वेढ्यात अडकले, जिवानिशी परतले आणि पुढे कित्येक वर्षांनी आठवणी लिहून काढल्या. चिंतामण विनायक वैद्य यांनी त्या १९०७ मध्ये छापल्या, पण मूळ मजकुरावर बराच हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. मधली ५९ वर्षं वाचक "प्रत्यक्षदर्शी" म्हणून जे वाचत होते, त्यात भटजींची आठवण, आठवणीवर साचलेली वर्षं आणि संपादकाची लेखणी असे तीन थर होते. वैद्यांना मी खलनायक ठरवत नाही. त्या काळी संपादन म्हणजे मजकूर नेटका करणं अशीच अनेकांची समजूत होती, आणि परक्या राजवटीत सत्तावन्नवर छापायचं म्हणजे जपून राहणं आलंच. पण कुठे हात लावला ते वाचकाला दिसत नव्हतं. माझा सगळा रोख तिथेच आहे.

आता वर्गातल्या त्या मित्रांच्या बाजूकडे येते, कारण अर्धं खरं त्यांच्याकडेही आहे. सतराव्या शतकातला मराठ्यांचा उदय हा एकच विषय घ्या. साताऱ्यात कंपनीचा राजकीय प्रतिनिधी राहिलेला ग्रँट डफ १८२६ मध्ये लिहितो, तेव्हा त्याला ते सह्याद्रीतल्या वाळल्या गवताला अचानक लागलेल्या वणव्यासारखं दिसतं. १८६९ मध्ये जोतीराव फुले पोवाडा रचतात आणि त्यात शिवाजी महाराज कुळवाड्यांचे, कष्टकरी शेतकऱ्यांचे राजे म्हणून उभे राहतात. १९०० मध्ये न्यायमूर्ती रानडे वणव्याची उपमा खोडून काढतात: जमीन आधी तयार झाली होती, ती संतांनी केली. इतिहासाचार्य राजवाड्यांना नेमकं तेच पटत नाही. वारकरी संतांनी समाज निवृत्तीकडे झुकवला असं मानून ते रामदासांकडे बोट दाखवतात.

चौघांची चार आयुष्यं या चार चित्रांत दिसतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. कंपनीच्या कप्तानाला सत्ता कशी हाती येते आणि कशी जाते हे कुतूहल. फुल्यांना शेतकरी इतिहासातून कुठे गायब झाला हा सल. समाजसुधारक न्यायाधीशाला जातींच्या पलीकडे माणसं एकत्र कशी आली याचा शोध. प्रश्न माणूस आपल्या आयुष्यातूनच आणतो. मित्र इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, सगळं सापेक्ष! पण प्रश्न घरून आणला म्हणून उत्तरही घरूनच आणायची मुभा मिळत नाही. वणव्याची उपमा मागे पडली ती रानडे आवडले म्हणून नाही. शहाजीराजांची जहागीर, मावळातले देशमुख, आदिलशाही आणि निजामशाहीत आधीपासून चाकरी करणारी मराठा घराणी यांचे कागद जसजसे बाहेर आले, तसतसं "अचानक" या शब्दाला टिकायला जागा उरली नाही. संतांच्या कार्याचा राज्यस्थापनेशी नेमका दुवा किती, हे मात्र रानड्यांनाही कागदांतून पुरतं दाखवता आलं नाही, आणि तिथे त्यांचं म्हणणं अजून वादात आहे. म्हणजे एकाच माणसाच्या अन्वयार्थाचा एक भाग टिकतो, दुसरा लोंबकळतो. मत असं तुकड्यांनी पारखता येत नाही.

हाच माझ्या लेखी मत आणि अन्वयार्थ यांतला फरक. अन्वयार्थ हरू शकतो. कुठला कागद निघाला तर मी चुकले असं म्हणावं लागेल, हे ज्याला सांगता येतं त्याने अन्वयार्थ मांडलाय. ज्याला सांगता येत नाही, त्याच्यापाशी फक्त मत आहे, मग तळटिपा कितीही असोत.

याचं मला ठाऊक असलेलं सगळ्यात लख्ख उदाहरण भीषण आहे. १३ जुलै १९४२ रोजी पोलंडमधल्या युझेफूफ गावात जर्मनीच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस बटालियनने सुमारे १,५०० ज्यूंना गोळ्या घातल्या. ही माणसं बहुतेक हॅम्बुर्गची, मध्यमवयीन, कामगार किंवा कारकून पेशातली. काम सुरू होण्याआधी त्यांच्या मेजरने, ट्राप त्याचं नाव, सांगितलं की ज्याला हे झेपणार नाही त्याने बाजूला व्हावं. सुमारे ५०० जणांतून डझनभर झाले. १९६० च्या दशकात न्यायालयीन तपासात या लोकांच्या जबान्या झाल्या. त्याच जबान्या वाचून क्रिस्टोफर ब्राउनिंग यांनी १९९२ मध्ये आणि डॅनियल गोल्डहागेन यांनी १९९६ मध्ये पुस्तकं लिहिली. ब्राउनिंग म्हणतात, सोबत्यांचा दबाव, हुकमाची सवय, भेकड ठरण्याची धास्ती यांतून सामान्य माणसं मारेकरी झाली. गोल्डहागेन म्हणतात, जर्मन समाजात खोल मुरलेल्या ज्यूद्वेषामुळे त्यांना हे योग्यच वाटत होतं.

जबान्या कशा वाचल्या ते बघा. "मला किळस आली", "माझा नाइलाज होता" असं आरोपी सांगतो, तेव्हा तो सुटायला बघतोय हे उघड. म्हणून गोल्डहागेन अशी स्वतःची सफाई देणारी विधानं, दुसरा आधार नसेल तर, बाजूलाच ठेवतात. ऐकायला हे कडक आणि शास्त्रीय वाटतं. पण मग उरलेल्या पुराव्यात संकोच किंवा दबाव कुठे दिसणार? चाळणीच अशी घेतली की विरोधी पुरावा तिच्यातून आधीच गळून जावा. ब्राउनिंगांनी दुसरं काहीतरी केलं. त्या बटालियनमध्ये लक्झेंबर्गचे १४ जण होते. जर्मन समाजात न वाढलेले. द्वेष हेच मुख्य कारण असेल तर हे वेगळे वागायला हवेत. त्यांच्याविषयीची माहिती तुटपुंजी आहे, पण जेवढी आहे तीत ते इतरांसारखेच वागलेले दिसतात. ब्राउनिंगांचं सगळं पटतं असं नाही. ज्यूद्वेषाचं वजन त्यांनी पहिल्या मांडणीत कमी धरलं असं मला वाटतं. तरी आपलं म्हणणं जिथे पडू शकेल अशी जागा त्यांनी स्वतः शोधली, आणि तेवढ्यासाठी मी त्यांच्या बाजूने आहे.

आपल्याकडेही म्हणणं हरल्याचा दाखला आहे. शिवजन्माचं साल दीर्घकाळ १६२७ मानलं जाई. उत्तरकालीन बखरींचा त्याला आधार. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची घटनांची सालवार टिपणं, प्रसिद्ध केली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद निघाली, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे महाराजांच्याच काळात रचलेलं संस्कृत काव्य "शिवभारत" प्रकाशात आलं, त्यातही तेच. एकमेकांवर न विसंबलेली, काळाला जवळची दोन साधनं एकाच तिथीवर आल्यावर अनेक अभ्यासकांनी आपलं आधीचं साल सोडलं. वाद नंतरही झाले, पण ते कुठल्या साधनाला किती वजन द्यायचं यावर झाले, आणि तसेच व्हायला हवेत.

उलट टोकाचा दाखला लंडनच्या न्यायालयातला. हिटलरची बाजू सावरणाऱ्या डेव्हिड अर्व्हिंगने आपल्याला इतिहासाचा विपर्यास करणारा म्हटल्याबद्दल इतिहासकार डेबोरा लिपस्टाट आणि त्यांच्या प्रकाशकावर बदनामीचा दावा लावला, आणि २००० साली तो हरला. इतिहासकार रिचर्ड इव्हान्स यांनी त्यात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून अर्व्हिंगच्या तळटिपा मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. माझ्या १७६९ ची कथा वर सांगितलीच. पण प्रामाणिक चुका इकडेतिकडे विखुरतात. अर्व्हिंगच्या सगळ्या एकाच दिशेला झुकत होत्या, हिटलरला सोडवण्याच्या. चुकांची दिशा पाहणं ही कसोटी मी तेव्हापासून माझ्या लिप्यंतरांनाही लावते. मजा येत नाही, पण उपयोग होतो.

कागद जिथे गप्पच बसतो तिथे काय करायचं, हा याहून नाजूक भाग. नवऱ्याच्या वेशात आलेल्या तोतयाला बायकोने तीन वर्षं खरंच ओळखलं नाही का? १५६० मध्ये फ्रान्सातल्या तुलूझला चाललेल्या मार्टिन गेर खटल्याबद्दल इतिहासकार नताली झेमन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये लिहिलं: त्या बायकोने, बर्त्राँदने, ओळखलं होतं, आणि कळून सवरून ते नातं पत्करलं. रॉबर्ट फिनले यांनी १९८८ मध्ये कडाडून आक्षेप घेतला, की कागदांत बाई फसवली गेलेली आहे, तिची संमती ही लेखिकेची भर. मला डेव्हिस वाचायला फार आवडतात, आणि तरी या एका मुद्द्यावर फिनलेंचा आक्षेप मला खोडता येत नाही. डेव्हिस यांचा मोठेपणा असा की आपण मांडतोय ते काही अंशी आपल्याच कल्पनेतलं आहे, हे त्यांनी पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. म्हणून तर भांडणं शक्य झालं.

आणि हा गप्पपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. दफ्तरांत वसुली, नेमणुका, तंटे यांचे ढीग आहेत. बायका, मजूर, अस्पृश्य मानलेले लोक येतात ते बहुधा फिर्यादी, आरोपी किंवा हिशेबातली एक बाब म्हणून. सरकारी अहवालांत शेतकऱ्यांचे उठाव रोगाच्या साथीसारखे किंवा गुंडगिरीसारखे वर्णिलेले असतात. इतिहासकार रणजित गुहा यांनी १९८३ मध्ये दाखवलं की ते अहवाल उलट्या बाजूनेही वाचता येतात: लिहिणारा नेमकं कशाला घाबरलाय ते शोधलं की ज्याला घाबरलाय त्याचा बेत दिसू लागतो. "फक्त कागद म्हणतात तेवढं" लिहायचं ठरवलंत, तर ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचीच बाजू तुम्ही नकळत नकलून काढाल. हेही एक मतच झालं, फक्त उसनं.

तेव्हा प्रबंधिकेपुरतं सांगायचं तर क्रियापदांची काटकसर करा. "होते", "असावे", "असे दिसते", "असे म्हणता येईल" हे चार वेगवेगळ्या वजनांचे शब्द आहेत. शैली खुलावी म्हणून ते आलटूनपालटून वापरू नका. विशेषणाजवळ दोन मिनिटं थांबा. "कपटी" लिहिलंत तर त्याच जागी "धोरणी" घालून वाक्य वाचून पहा. दोन्ही चालत असतील तर पुराव्याने दोन्हींपैकी एकही शब्द दिलेला नाही. टाचणांचा एक वेगळा गठ्ठा ठेवा. माझ्या गठ्ठ्यावर "नडणारे" असं लिहिलंय: माझ्या म्हणण्याला आडवा येणारा कागद दिसला की आधी त्यात, कारण सोयीचे कागद लक्षात राहतात आणि नडणारे बरोब्बर विसरतात. प्रकरण लिहून झालं की तो गठ्ठा सोडायचा आणि त्यातल्या प्रत्येकाला प्रकरणात कुठेतरी जागा द्यायची, निदान तळटिपेत.

मार्गदर्शकांशी वाद घालू नका. "मत नको" म्हणताना त्यांच्या मनात बहुधा एवढंच असतं, की कागद उघडायच्या आधी निकाल लिहून आणू नकोस. ते बरोबरच आहे.

आणि ते पत्र. नव्या आवृत्तीत मी त्याची जागा बदलली, प्रास्ताविकातला परिच्छेद काढला, जुनं साल का घातलं होतं ते टिपेत लिहिलं. मात्र मला सापडलेलं ते उत्तर अस्सल नाही, नक्कल आहे. अक्षर दुसऱ्या हातचं, आणि नक्कल करणाऱ्याने सन पाहून लिहिला की अंदाजाने, ते कळायला मार्ग नाही. म्हणून कंसात आता असं छापलंय: (१७७०?).